कांगारूची पिशवी आणि पेलिकनची झोळी एकाच कामाची असते का?

प्रश्न: कांगारू आणि पेलिकन दोघांच्याही अंगाला पिशवी असते. ती एकाच कामाची असते का? पेलिकन पिल्लं चोचीत घेऊन फिरतो का? आणि पिशवी मोठी कोणाची?

उत्तर:

कामं अगदी वेगळी आहेत, आणि पेलिकन पिल्लं चोचीत घालून फिरत नाही. कांगारूच्या पिशवीत पिल्लाची अर्धवट राहिलेली वाढ पुरी होते. पेलिकनची झोळी हे मासे पकडायचं साधन आहे आणि एका वेळी ती जेमतेम मिनिटभर वापरात असते. तो त्यात मासे साठवूनही ठेवत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण मुलांच्या चित्रांत नेमकं तेच दाखवलेलं असतं.

पुढचं सगळं लाल कांगारू आणि ऑस्ट्रेलियन पेलिकन यांना धरून लिहितो. दोघंही ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागात आढळतात आणि दोघांचंही जगणं कधी येईल याचा नेम नसलेल्या पावसावर अवलंबून आहे. त्यामुळे ही तुलना ओढूनताणून केलेली वाटत नाही.

आधी कांगारू. गर्भ पोटात राहतो तो साधारण ३३ दिवस. जन्मणारं पिल्लू एक ग्रॅमही भरत नाही. वजन सुमारे ०.८ ग्रॅम, लांबी दोन-अडीच सेंटीमीटर. कातडी गुलाबी, उघडी. डोळे मिटलेले, मागचे पाय म्हणजे नुसते कोंब. पण पुढचे पाय मात्र नखांसकट तयार असतात, कारण जन्मल्याबरोबर त्याला चढायचं असतं. मादी शेपूट पुढे घेऊन त्यावर बूड टेकून बसते आणि जन्मद्वाराजवळचा ओलावा चाटत राहते. पिल्लू आईच्या पोटावरचे केस एकेका हाताने धरत, डोकं डावीकडे-उजवीकडे झुलवत वर सरकतं आणि तीन ते पाच मिनिटांत पिशवीत शिरतं. आई चाटून त्याची वाट तयार करते असं पूर्वी मानत. प्रत्यक्षात ती फक्त स्वतःला साफ करत असते. पिल्लू घसरून खाली पडलं तर ती उचलून घेत नाही. तिथेच त्याचा शेवट होतो.

पिशवीत चार सड असतात. पिल्लू त्यातला एक तोंडात धरतं, आणि सडाचं टोक तोंडातच फुगतं. मग पिल्लाला तो सोडता येत नाही आणि आईने धावाधाव केली तरी ते सुटून पडत नाही. साधारण ७० दिवस ते असंच अडकलेलं राहतं. डच जहाज बटाव्हिया १६२९ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाजवळच्या बेटांवर फुटलं, तेव्हा त्याचा प्रमुख फ्रान्स्वा पेल्सार्ट याने तिथल्या वॉलबींच्या (कांगारूच्याच कुळातल्या छोट्या प्राण्यांच्या) पिशवीत असं सडाला लागलेलं पिल्लू पाहिलं आणि ते सडातूनच उगवतं असं लिहून ठेवलं. चूकच, पण समोर दिसत होतं ते पाहता वेडगळ म्हणता येणार नाही.

साधारण पाच महिन्यांनी पिल्लू पिशवीतून डोकं बाहेर काढतं. सहा महिने उलटले की थोडा वेळ खाली उतरतं आणि जरा काही खुट्ट झालं की डोकं खुपसून, कोलांटी घेऊन परत आत. आठव्या महिन्याच्या आसपास, म्हणजे सुमारे २३५ दिवसांनी, आई त्याला कायमचं बाहेर काढते. तोवर ते चार-पाच किलोचं झालेलं असतं, म्हणजे जन्माच्या वजनाच्या किमान पाच हजार पट. त्यानंतरही वर्षाचं होईपर्यंत ते बाहेर उभं राहून आत डोकं घालून दूध पितं. याच काळात आत दुसरं, नुकतं जन्मलेलं पिल्लू दुसऱ्या सडाला लागलेलं असतं. मोठ्याचा सड लांब आणि जाड झालेला, त्यातून येणारं दूध स्निग्धांश जास्त असलेलं. धाकट्याचा सड बारीक, दूध पातळ. एकाच आईच्या अंगात, एकाच वेळी, एकाच रक्तातून दोन प्रकारचं दूध तयार होतं. माझ्या मते या प्राण्यातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट उडी नव्हे, ही आहे.

पिशवी म्हणजे नुसती लोंबणारी कातडी नसते. तिच्या तोंडाभोवती स्नायूंचं कडं असतं. मादी ते आवळून तोंड जवळजवळ बंद करू शकते, सैल सोडून पिल्लाला बाहेर लोटू शकते. आतून पिशवी जवळपास केसरहित आणि उबदार असते. पिल्लू आतच शी-शू करतं. आई डोकं आत घालून ते चाटून साफ करते. शरीराबाहेर गेलेलं थोडं पाणी त्यातून तिला परत मिळतं, आणि कोरड्या मुलखात तेही वाया जाऊ देऊन चालत नाही. कांगारूच्या पिशवीचं तोंड वर-पुढे उघडतं. वोंबॅट या दुसऱ्या पिशवीवाल्या प्राण्याचं मागे उघडतं, कारण तो माती उकरतो. पुढे उघडलं असतं तर पिल्लू मातीने भरलं असतं. आणि नर कांगारूला पिशवी नसते. जाहिरातींतले पिशवीवाले, मुठी वळून उभे असलेले नर कांगारू विसरून जा.

आता पेलिकन. या जातीची चोच ४० ते ५० सेंटीमीटर, पक्ष्यांमध्ये सर्वांत लांब. खालच्या चोचीला हाडाच्या दोन बारीक, लवचिक पट्ट्या असतात आणि त्यांच्यामध्ये ताणली जाणारी पातळ कातडी. तीच झोळी. वरची चोच सपाट, टोकाला खाली वळलेला छोटा आकडा. जीभ नावापुरती, कारण मोठी जीभ झोळीत अडचण झाली असती.

मासा दिसला की पेलिकन चोच पाण्यात खुपसतो. पाण्याच्या दाबाने खालच्या जबड्याच्या पट्ट्या धनुष्यासारख्या बाहेर वाकतात, झोळी फुगते आणि पाणी माशासकट आत ओढलं जातं. वरची चोच झाकणासारखी बसते. अशी भरलेली झोळी १३ लिटरपर्यंत पाणी घेते. १३ लिटर पाणी म्हणजे १३ किलो. पक्ष्याचं स्वतःचं वजन साधारण चार ते सात किलो. म्हणजे भरल्या झोळीने उडणं सोडाच, मान नीट वर उचलणंही शक्य नाही. म्हणून तो चोच खाली, छातीकडे झुकवतो, झोळी आवळतो आणि चोचीच्या फटीतून पाणी हळूहळू बाहेर काढतो. पाणी गेल्यावर मासा चोचीत फिरवून डोकं घशाकडे आणतो, कारण शेपटीकडून गिळला तर पर आणि काटे उलटे अडकतात. मग चोच आभाळाकडे, एक-दोन झटके, आणि मासा पोटात. पाणी काढायच्या या वेळात पेलिकन अगदी हतबल असतो. सीगल नेमके तेव्हाच येऊन चोचीतून मासा पळवतात. पेलिकनही काही सज्जन नाही. दुसऱ्या पक्ष्यांचे मासे तोही हिसकावतो.

एकेकट्यापेक्षा ते टोळीने जास्त चांगली शिकार करतात. अर्धवर्तुळ करून, पंख आपटत माशांना उथळ काठाकडे रेटायचं आणि मग जवळपास एकाच वेळी चोची बुडवायच्या.

झोळीची आणखी दोन कामं आहेत. ऊन वाढलं की पेलिकन चोच किंचित उघडी ठेवून झोळी भराभर थरथरवतो. पक्ष्यांना घाम येत नाही. झोळीच्या ओल्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पृष्ठभागावरून पाण्याची वाफ होते आणि अंग गार राहतं. (कांगारूची युक्ती वेगळी: तो पुढच्या पायांना आतल्या बाजूने थुंकी चाटून लावतो. तिथेही कातडीखाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं.) दुसरं काम विणीच्या हंगामातलं. एरवी फिकट असणारी झोळी तेव्हा गुलाबी, लाल, पिवळ्या, निळ्या रंगात भडक होते आणि जोडी जमली की रंग पुन्हा उतरतो.

पेलिकनचा कणा तोंडातून बाहेर आल्याचे फोटो फिरतात, तेही इथेच निकालात काढतो. पेलिकन अधूनमधून डोकं मागे टाकून झोळी मानेवर ताणतो, तेव्हा आतून मानेचा आकार उठून दिसतो. तो जांभईसारखा ताण आहे, आजार नव्हे.

म्हणजे मोठी कोणाची याचं उत्तर असं: आत मावण्याचा विचार केला तर पेलिकनची. पण पेलिकनला भरलेली झोळी घेऊन हलता येत नाही. कांगारूची मादी जास्तीत जास्त पस्तीसेक किलोची. ती चार-पाच किलोचं पिल्लू पोटाशी घेऊन उड्या मारत पळते. फारच जिवावर बेतलं तर मोठं झालेलं पिल्लू ती बाहेर टाकून देते, हेही खरं.

खरा प्रश्न पुढचा आहे. कांगारूच्या पिशवीचं काम पेलिकनमध्ये कोण करतं? झोळी नाही, पाय. बहुतेक पक्ष्यांच्या पोटावर वीण आली की पिसं गळून उघड्या, गरम कातडीचा एक भाग तयार होतो, त्याने अंडी ऊब घेतात. पेलिकनला तो भाग नसतो. त्याच्या पायाची चारही बोटं पडद्याने जोडलेली असतात (बदकाची तीनच), आणि तो अंडी या पडद्यांवर घेऊन किंवा पडद्यांखाली धरून उबवतो. अंडी बहुधा दोन, ३२ ते ३५ दिवस, नर-मादी पाळीपाळीने. कांगारूच्या गर्भाचे ३३ दिवस आणि पेलिकनच्या अंड्याचे ३२-३५ दिवस जवळपास सारखे आहेत, पण त्यातून काही निष्कर्ष काढू नका. तो योगायोग आहे. अंड्यात सगळी शिदोरी आधीच भरलेली असते, नंतर वाढवताही येत नाही आणि थांबवताही येत नाही. कांगारूची आई हप्त्याहप्त्याने दूध देते.

पेलिकनचं पिल्लूही जन्मतः उघडंबोडकं आणि आंधळं असतं. आई-बाप आधी अर्धवट पचलेला पातळ रस चोचीच्या टोकावरून त्याला देतात. थोडं मोठं झालं की पिल्लू स्वतःच आख्खं डोकं आई-बापाच्या झोळीत आणि घशात घालून अन्न काढून घेतं. लांबून पाहणाऱ्याला वाटतं की पिल्लू झोळीत राहतं. ते फक्त जेवायला आत गेलेलं असतं. खाणं झाल्यावर काही पिल्लं आकडी आल्यासारखी जमिनीवर लोळतात, स्वतःचेच पंख चावतात. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो, पण मिनिटाभरात ती उठून उभी राहतात. दोन पिल्लांपैकी आधी फुटलेलं मोठं पिल्लू धाकट्याला टोचून किंवा उपाशी ठेवून बहुतेकदा संपवतं. उरलेलं साधारण चार आठवड्यांनी घरटं सोडून इतर पिल्लांच्या घोळक्यात जातं. असे घोळके शंभरापर्यंतचे असतात, आणि त्या गर्दीतही आई-बाप आपल्याच पिल्लाला भरवतात. तीन महिन्यांच्या आसपास ते उडतं.

एक पाणपक्षी मात्र खरोखर कांगारूच्या जवळ जातो, आणि तो पेलिकन नाही. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांवरचा सनग्रीब. त्याची अंडी अवघ्या दहा-अकरा दिवसांत फुटतात, पिल्लं अगदीच अपुरी असतात, आणि नराच्या दोन्ही पंखांखाली कातडीच्या घड्यांचे कप्पे असतात. नर पिल्लांना त्यात घालून पोहतो, उडतोसुद्धा. कांगारूत पिशवी फक्त मादीला, इथे फक्त नराला. उलट दिशेने पाहायचं तर त्याच खंडात यापोक नावाचा पिशवीवाला प्राणी पाण्यात शिकार करतो. मादी बुडी मारताना पिशवीचं तोंड घट्ट आवळते आणि पिल्लं आत कोरडी राहतात. तुम्ही कांगारू-पेलिकनऐवजी सनग्रीब-यापोक विचारलं असतं तर उत्तर ‘बरंच साम्य आहे’ असं आलं असतं.

आता पावसाची गोष्ट, कारण माझ्या मते या दोघांतला सर्वांत मोठा फरक तिथे आहे.

कांगारूची मादी पिल्लू जन्मल्यावर एक-दोन दिवसांतच पुन्हा माजावर येते आणि गर्भ राहतो. पण तो वाढत नाही. साधारण शंभर पेशींचा गोळा, पाव मिलिमीटरचा, गर्भाशयात थांबून राहतो. आतलं पिल्लू दूध ओढतंय तोवर त्याला पुढे जायची परवानगी नसते. पिल्लू मोठं होऊन पिणं कमी झालं, किंवा मेलं, की गोळा पुन्हा वाढू लागतो आणि महिनाभरात नवं पिल्लू पिशवीत. चांगल्या दिवसांत एका मादीची तीन अपत्यं एकाच वेळी चालू असतात: एक पायाशी, एक पिशवीत, एक थांबलेलं. दुष्काळ पडला की आधी पायाशी असलेलं जातं, कारण त्याला सर्वांत जास्त दूध लागतं. मग पिशवीतलं. त्याच्या जागी थांबलेलं येतं, तेही दोनेक महिन्यांत दूध आटल्यावर मरतं, मग आणखी एक. ऐकायला क्रूर आहे, पण हिशेब बघा: एक ग्रॅमच्या पिल्लावर आईचं जवळजवळ काहीच खर्च झालेलं नसतं, आणि पाऊस पडला त्या दिवशी तिच्याकडे सुरुवात झालेलं पिल्लू हातात असतं. दुष्काळ फारच लांबला तर माज येणंच थांबतं.

पेलिकनकडे असं थांबवून ठेवायला काही नाही. तो वाट बघतो आणि पाणी आलं की सगळं एकदम लावतो. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं काटी थांडा-लेक एअर हे सरोवर त्याचं ठळक उदाहरण. समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ मीटर खाली, भरलं तर साधारण ९,५०० चौरस किलोमीटर, पण बहुतेक वर्षं नुसतं मीठ. पाऊस पडतो शेकडो किलोमीटर वर क्वीन्सलंडमध्ये आणि डायमंटिना, जॉर्जिना, कूपर क्रीक या नद्यांतून पाणी आठवडे-महिने घेत खाली येतं. पाण्याबरोबर मासे येतात, आणि पेलिकन किनाऱ्यावरून हजारोंनी हजर होतात. गरम हवेच्या झोतावर चढत ते ३,००० मीटर उंचीपर्यंत जातात आणि पंख न हलवता लांबची अंतरं काटतात, म्हणून हे जमतं. १९७४ च्या पुरात हे सरोवर काठोकाठ भरलं होतं.

अंड्यापासून उडेपर्यंत पेलिकनला चार महिन्यांहून थोडा जास्त काळ पाणी हवं. टिकलं तर काही जोड्या दुसरी वीणही घेतात. नाही टिकलं तर पाणी खारं होत जातं, मासे मरतात, मोठे पक्षी उडून जातात आणि न उडणारी पिल्लं मागे राहतात. कांगारू नुकसान थोड्याथोड्याने सोसतो, पेलिकन एकदम. दुसरी पद्धत मूर्खपणाची वाटते, पण पंख असलेल्याला ती परवडते: ज्याचं घर वाळलं तो उडून दुसरीकडे जाऊ शकतो आणि पुढच्या पुराला परत येऊ शकतो. पेलिकन वीसेक वर्षं जगतो, तेव्हा अशा दोन-चार संधी साधल्या तरी पुरतं.

शेवटी, ऑस्ट्रेलियात असाल तर कामाचं. रस्त्यावर मेलेली कांगारू मादी दिसली तर आधी स्वतःची गाडी सुरक्षित जागी घ्या, मग पिशवी तपासा. आई मेल्यावरही पिल्लू बराच वेळ जिवंत राहू शकतं. उघड्या कातडीचं पिल्लू सडाला लागलेलं असेल तर ओढू नका. सड तोंडात फुगलेला असतो, ओढल्याने टाळू आणि जबडा फाटतो. आई मेलेली असल्याची खात्री असेल तर सड बुडाशी कापा, तो पिल्लाच्या तोंडातच राहू द्या आणि मोकळं टोक सेफ्टी पिनने कापडाला अडकवा, म्हणजे ते गिळलं जाणार नाही. पिल्लू सुती पिशवीत, अंधारात, शांत ठेवा; केस नसतील तर ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास, केस आले असतील तर २८. गाईचं दूध अजिबात नको, त्यातली दुग्धशर्करा त्याला पचत नाही, जुलाब होतात आणि डोळ्यांत मोतीबिंदूही होऊ शकतो. लगेच वन्यजीव बचाव केंद्राला फोन करा. परवान्याशिवाय घरी वाढवता येत नाही.

पेलिकन गळात किंवा दोऱ्यात अडकलेला असेल तर अंगावर टॉवेल टाकून पंख मिटवा आणि चोच धरा, पण ती पूर्ण बंद करू नका, टेप तर मुळीच लावू नका. त्याच्या नाकपुड्या बाहेरून बंद असतात, तो तोंडाने श्वास घेतो. चोच आवळली तर गुदमरेल. बोटभर फट ठेवा. तोंडातून दोरा लोंबत असेल तर ओढू नका आणि तोंडाशी कापूही नका, गळ कुठे आहे ते शोधायला तोच उपयोगी पडतो. झोळी फाटली असेल तर ‘भरून येईल’ म्हणून सोडू नका: फटीतून मासे निसटतात आणि पक्षी पोटभर शिकार दिसत असून उपाशी मरतो. पशुवैद्य आतला आणि बाहेरचा थर वेगवेगळा शिवतात, आणि झोळीला रक्तपुरवठा भरपूर असल्याने टाके चांगले धरतात.